तिच्या वाटची प्रार्थना

माझ्या बायकोचा आवाज मोठा होता. मोठा म्हणजे किती, तर भाजीवाला आमची गल्ली सोडून पुढच्या वळणावर गेलेला असला तरी हिने दारातून एक हाक मारली की गाडी वळवून परत यायचा. चर्चमध्ये माइक बंद पडला की लोक पास्टरांकडे न बघता हिच्याकडे बघायचे. मी म्हणायचो, अवं, जरा हळू, देव काही बहिरा नाही. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. देव नाही, पण तुमचे कान पंपहाऊसमध्ये गेले नं, तुमाले ऐकू याले पायजे.

त्यात खोटं काही नव्हतं. मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात पंप ऑपरेटर होतो. भट्ट्यांना थंड करणारं पाणी चोवीस तास फिरत ठेवायचं, एवढंच काम, पण त्या घरघरीत जन्म काढला की माणसाचा एक कान उरतो आणि दुसरा नुसता शोभेला राहतो. रिटायर झाल्यावर कारखान्याच्या सेक्टरमधला क्वार्टर सोडला आणि जवळच रिसालीत छोटं घर बांधलं. मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेली. घरात आम्ही दोघं.

आमचे आजोबा भंडाऱ्याकडचे. ख्रिस्ती झाले तेही तिकडेच, आणि प्रार्थना करायची ती घरच्या बोलीत, ही रीत घेऊनच आमचं घराणं इकडे आलं. इथे चर्चची उपासना हिंदीत होते, बाजार हिंदीत होतो, मुलगी फोनवर अर्धं हिंदीत बोलते. मराठी उरली ती घरात, आणि घरातही मुख्यतः संध्याकाळी सात वाजता. सातला टीव्ही बंद, शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक उतारा मी वाचायचा, आणि मग ती प्रार्थना करायची. मुलीची नोकरी, नळाचं पाणी, गच्चीतली गळती, शेजारणीचा गुडघा, सगळं ती देवापुढे असं मांडायची जसं काही तो समोरच्या खुर्चीत पाय पसरून बसलाय आणि त्याला दुसरं कुठे जायचंच नाही. मी शेवटी आमेन म्हणायचो. एवढा माझा वाटा.

मोठ्याने प्रार्थना मी कधी केली नाही. विश्वास नव्हता असं नाही हो. पण चार माणसांत डोळे मिटून देवाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. आठवड्याच्या घरोघरच्या प्रार्थनासभेत पाळी फिरत फिरत माझ्याजवळ आली की मी उठून चहा ठेवायला जायचो. मी चहा फार चांगला करतो असं सगळी मंडळी म्हणतात, त्याचं कारण हे आहे.

काळजी करण्यात मात्र मी पटाईत. मुलीने फोन उचलला नाही की हैदराबादचे सगळे चौक माझ्या डोळ्यांपुढून जाऊ लागायचे. सिलेंडर संपत आला की मी तो हलवून बघायचो, मग पुन्हा हलवून बघायचो. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, तर माझ्या मनाला वैऱ्याची गरजच नव्हती, घरचाच माणूस पुरेसा होता. ती म्हणायची, तुमी रिटायर झाले पण तुमची काळजी अजून ओव्हरटाइम करून राहिली.

गाठ शेजारणीला आधी दिसली. ही शेजारीण नागपूरकडची, तिचा नवरा रेल्वेत होता, घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आहे. आमच्या घरचा केक आणि तिच्या घरची खीर वर्षानुवर्षं एका भिंतीवरून इकडून तिकडे जाते. दुपारी दोघी मटार सोलत बसल्या होत्या. ती हिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, वहिनी, तुमचा गळा एका बाजूनं फुगल्यासारखा दिसून राहिला. ही म्हणाली, म्हातारपणाचं मांस आहे. मी आतल्या खोलीतून ते ऐकलं, माझ्या चांगल्या कानाने, आणि त्याच आठवड्यात तिला रायपूरला घेऊन गेलो.

रायपूरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. थायरॉइडची गाठ. सुई घालून पाहिलं तरी नक्की काही कळत नव्हतं, म्हणून काढावीच लागेल म्हणाले. डॉक्टर तरुण होते, बोलायला साधे. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं की आवाजाची नस या गाठीला अगदी खेटून जाते. बहुतेकांना काही होत नाही. कुणाकुणाचा आवाज काही महिने बसतो. फार थोड्यांचा परत येत नाही. मी यातलं फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. तिने सगळं ऐकलं, आणि विचारलं काय, तर ऑपरेशन नाताळ झाल्यावर केलं तर चालेल का. डिसेंबरात गाणी म्हणत घरोघर फिरायचं असतं, आणि हिच्याशिवाय ती टोळी म्हणजे इंजिनाशिवाय डबे. डॉक्टर हसले आणि चालेल म्हणाले. मला दोघांचाही राग आला.

तो नाताळ तिने अगदी गाजवला. जुनवानीपासून सेक्टरांपर्यंत एकही घर सोडलं नाही. थंडीत गळ्याला मफलर, मफलरखाली गाठ, आणि त्या गाठीच्या वरून निघणारा तो आवाज. मी टॉर्च धरून मागे चालायचो. प्रत्येक गाणं मी शेवटचं असल्यासारखं ऐकत होतो. आनंदाची गाणी होती सगळी, मला रडू येत होतं.

जानेवारीत ऑपरेशन झालं. तिला आत नेलं तेव्हा तिने माझा हात दाबला आणि सांगितलं की डब्यात पोळ्या आहेत, वेळेवर खा. दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर बसून मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. शब्द येईनात. डोक्यात आली ती पंपहाऊसची शिफ्ट.

आमच्याकडे शिफ्ट सुटली म्हणून कुणी उठून घरी जात नाही. आधी चार्ज द्यावा लागतो. पुढच्या पाळीचा माणूस येतो, त्याला आपण सगळं सांगतो. दोन नंबरचा पंप चालू आहे, तीन नंबरचं बेअरिंग गरम होऊन राहिलं, लक्ष ठेव, चार नंबर तयार ठेवला आहे. काही लपवायचं नाही, काही गोड करून सांगायचं नाही. तो ऐकतो, एकदा फिरून बघतो आणि म्हणतो, जा, चार्ज घेतला. मग ते पंप त्याचे. माझा रिलीव्हर, हा पुढच्या पाळीचा, भरवशाचा माणूस होता. एवढा काळजीखोर मी, पण त्याला चार्ज दिला की स्कूटर काढून घरी यायचो आणि गाढ झोपायचो. पंप बिघडला तर काय होईल, असा विचार घरी येऊन मी कधी केला नाही. करायचं काही कारणच नव्हतं.

बाकावर बसून मला वाटलं, आज चार्ज कुणाला दिला? डॉक्टरांनी तर फक्त फाइल घेतली.

गाठ साधी निघाली. विषारी नव्हती. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा मी त्यांचे दोन्ही हात धरले, सोडलेच नाहीत. मुलगी फोनवर रडली, मी रडलो, शेजारणीने आपल्या घरी मेणबत्ती लावली. मग संध्याकाळी ती शुद्धीवर आली, माझ्याकडे बघून तिने तोंड उघडलं, आणि बाहेर आली ती नुसती हवा.

डाव्या बाजूची नस दुखावली आहे, डॉक्टर म्हणाले. जोर लावू नका, येईल हळूहळू. थांबून पाहू.

घरी आलो त्या दिवशी सात वाजता ती तिच्या खुर्चीत बसली. शेजारीणही आलेली होती, डबा घेऊन. मी उतारा वाचला. वाचून झालं. रोज इथे तिचा आवाज सुरू व्हायचा. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. चहा ठेवतो, असं म्हणून मी उठायला लागलो, तर तिने माझा सदरा धरला आणि खाली बसवलं. गळ्याला टाके असलेल्या बाईशी झटापट कोण करणार? मी डोळे मिटले. आणि मला जे येत होतं तेच मी केलं. चार्ज दिला.

म्हटलं, देवा, आजची परिस्थिती अशी आहे. हिचं ऑपरेशन झालं, गाठ साधी आहे, ते काम ओके. आवाज बंद आहे. डावी बाजू हलत नाही, लक्ष ठेवावं लागेल. पोरगी हैदराबादले घाबरून राहिली आहे. माझं बीपी वाढलेलं आहे, गोळी घेतली. नळाले दोन दिवस पाणी नाही. बाकी सगळं चालू आहे. एवढं सांगून मी थांबलो, आणि सवयीने विचारलं, ठीक आहे?

आणि उत्तराची वाट बघत बसलो. आमेन म्हणायचं विसरूनच गेलो.

डोळे उघडले तर बायको एका हाताने टाके धरून हसत होती. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी. शेजारीण तोंडाला पदर लावून बसली होती. म्हणाली, भाऊजी, आमच्यात प्रार्थना अशी नसते, पण देव असला तं त्याले आज ड्युटी नीट समजली असंल.

मी लाजलो. पण दुसऱ्या दिवशी सात वाजलेच, आणि तिसऱ्या दिवशीही. दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी. रोज सगळं सांगायचो, काही न लपवता. आणि हळूहळू असं होऊ लागलं की सांगून झालं की डोकं रिकामं व्हायचं. सिलेंडर मी एकदाच हलवायला लागलो. मुलीने फोन उचलला नाही तर मी आधी जेवून घ्यायचो आणि मग पुन्हा लावायचो. हे विश्वास वाढल्यामुळे झालं की वय झाल्यामुळे, कुणास ठाऊक. पण झालं, आणि मला फार बरं वाटलं. चर्चमध्ये एक बाई म्हणाली, तुमच्या चेहऱ्यावर शांती दिसते. मी म्हटलं, बाई, झोप होते पोटभर, त्याची आहे ती.

फक्त एक गोष्ट होती. रोजच्या चार्जमध्ये पहिली ओळ तीच असायची. हिचा आवाज दे. बाकी सगळं मी सांगायचो, हे मात्र मागायचो. घर फार शांत झालं होतं हो. भाजीवाला पुढे निघून जायचा. फोनवर मुलगी बोलायची आणि ही रिसीव्हरवर बोटाने टकटक करायची, हाव म्हणायला एकदा, नाही म्हणायला दोनदा. मुलगी फोन ठेवताना म्हणायची, पप्पा, मम्मी की आवाज कब आएगी? मी म्हणायचो, येईल. आणि मला खात्री वाटत होती. मी इतकं नीट, इतकं रोज मागत होतो की न मिळायला काही कारणच दिसत नव्हतं.

मे महिन्यात पुन्हा रायपूरला बोलावलं. नाकातून बारीक नळी घालून डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूंची उजवी बाजू फडफड हलत होती. डावी स्तब्ध होती, काहीही हालचाल नाही. मी पडद्याकडे बघत राहिलो, वाटलं आता हलेल. डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, आत्तापर्यंत थोडी हालचाल दिसायला हवी होती. काहींना वर्षही लागतं. काहींचा येत नाही. आपण थांबू.

परतीच्या बसमध्ये मी फाइल मांडीवर घेऊन बसलो. ती खिडकीतून बाहेर बघत होती. मध्ये एकदा तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मी गुडघा बाजूला घेतला. राग डॉक्टरांवर नव्हता. ज्याला इतके महिने चार्ज दिला त्याच्यावर होता. मी म्हणत होतो मनात, तुला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं ना, डावी बाजू बघ म्हणून? रोज सांगितलं. माझ्या पंपहाऊसमध्ये असं झालं असतं तर मी रिलीव्हरची कॉलर धरली असती.

त्या संध्याकाळी सात वाजता मी टीव्ही लावून बसलो. भिलाईचा मे, बाहेर अजून झळा होत्या, कूलर घर डोक्यावर घेऊन घरघरत होता. ती आली आणि शास्त्र माझ्यासमोर ठेवलं. मी त्याला हात लावला नाही. म्हटलं, आज नाही, माझी गैरहजेरी मांड.

 तिने वाद घातला नाही. मग आपल्या खुर्चीत बसली, डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले. तिचे ओठ हलायला लागले.

मी आधी टीव्हीचा आवाज कमी केला, निदान तेवढी रीत म्हणून. मग बंदच केला. ओठ हलतच होते. मला वाटलं, आता ही मागते आहे. पाच महिने गप्प बसली, आज डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर स्वतः मागते आहे. आणि मला ते ऐकायचं होतं. तिची बाजू घेऊन देवाशी भांडता यावं म्हणून मला साक्षीदार व्हायचं होतं. पण कूलरच्या घरघरीत तिची हवा मला कुठून ऐकू येणार? मी उठलो आणि कूलर बंद केला. पंखाही बंद केला. स्टूल ओढून माझा चांगला कान तिच्या तोंडाजवळ नेला. तिला कळलं नाही, डोळे मिटलेले होते.

दर तीन-चार शब्दांनी तिला श्वास घ्यावा लागत होता. आधी मुलीचं झालं, तिच्या ऑफिसातला त्रास. मग शेजारणीचा गुडघा. मग गल्लीतल्या सगळ्यांच्या नळाला पाणी. मग डॉक्टर. त्यांच्याबद्दल ती म्हणाली की सांगताना त्या पोराचा चेहरा पडला होता, त्याला घरी गेल्यावर बरं वाटू दे. मग माझी पाळी. यांचं बीपी. यांचे कान. यांचा राग निघू दे, आज हे उपाशी झोपायला नको. मग आभार, पुष्कळ, साध्या साध्या गोष्टींचे, त्यात गाठ साधी निघाली त्याचेही. मग आमेन.

मी वाट बघत राहिलो. संपलं होतं.

तिने डोळे उघडले तर मी नाकासमोर बसलेलो, घामाने निथळत, बनियन अंगाला चिकटलेलं. ती हसली. मला हसू आलं नाही.

"आवाजाचं राहिलं," मी म्हटलं. "बाकी जगाचं मांगितलं, आपल्या आवाजाचं नाही मांगितलं. कावून?"

तिने श्वास घेतला. माझ्या कपाळावरचा घाम तिने पदराने पुसला, आणि त्या हवेत म्हणाली, "तुमी मांगता नं रोज." पुन्हा श्वास. "मंग मी कायले मांगू? माझी वाटणी तुमाले दिली. मी तं निचिंत झोपते."

 इतके महिने मला वाटत होतं की माझी प्रार्थना म्हणजे माझं डोकं रिकामं करायचा उपाय. चहा करणाऱ्या माणसाची तोडकीमोडकी गोष्ट, चालून गेली तर गेली. आणि इथे एक बाई त्या तोडक्यामोडक्या शब्दांवर आपलं सगळं टाकून रात्री निवांत झोपत होती. ज्या दिवशी तिला माझी सगळ्यात जास्त गरज होती त्याच दिवशी मी दांडी मारून टीव्ही लावला होता.  देवावर माझा कितपत भरवसा आहे ते मी सांगू शकत नव्हतो, पण हिचा त्याच्यावर होता, आणि त्यातला एक वाटा माझ्या तोंडून त्याच्यापर्यंत जात होता.

मी डोळे मिटले. रागावलेलोच होतो, तसाच बोललो.

"देवा, आज मी सुट्टी मारणार होतो. तुले माहीत आहे. मी नाराज आहे, तेही सांगून ठेवतो. हिचा आवाज दे. नाही देत असशील तं मले कान दे. तेही नाही जमलं, तं आमी कूलर बंद करून बसू, पण रोज बसू. आमेन."

ती आमेन म्हणाली. मग मी उठून कूलर लावला, तिने ताटं वाढली, आणि मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

त्यानंतर दोन उन्हाळे झाले. डावी बाजू थोडी हलते असं डॉक्टर म्हणतात. आवाज आला आहे, पण जाड आणि अर्धा, फोनवर अनोळखी लोक तिला भैया म्हणतात आणि तीही हां बोलिए म्हणते. नाताळात ती टोळीत चालते, गाणं दुसऱ्या बायका म्हणतात. मी अजून रोज मागतो, आणि आता मागताना भांडत नाही. सात वाजले की आम्ही घरातलं सगळं घरघरणारं बंद करतो. आधी मी बोलतो, मग ती बोलते, आणि तोवर दोघांनाही चांगलाच घाम फुटलेला असतो.